उपाशी पाणी

राजदीपचे लग्न झाले ते वर्ष आमच्या गावात अजून अनेकांच्या लक्षात आहे, कारण त्या मांडवाखाली पसरलेला पिवळा मुरूम आमच्या तळ्याच्या खड्ड्यातून निघाला होता. ते २०१० साल होते. पाचोऱ्यापासून दोन कोसांवर बन्सीलाल नानांचे तीन एकर रान आहे. रानाच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी शेततळे खोदून घेतले, आणि त्याच आठवड्यात सावद्याची सपना त्यांच्या राजदीपची बायको होऊन घरात आली. "खड्डा आन सून एकदमच उनात," दोन्ही एकदमच आले, असे नानांच्या घरच्या द्रौपदाबाई पुढे कितीतरी वर्षे हसत सांगत.

मित्रांनो, मी त्या तळ्यातले एक जुने शेवाळ आहे. दगडावर साचून पाय घसरवते ते नव्हे. ते माझे भाऊबंद. मी पाण्यात तरंगणारे. इतके बारीक, की एका थेंबात माझी हजारो अंगे मावतात आणि तुम्हाला मात्र नुसते हिरवे पाणी दिसते. माझे एक अंग चार दिवस जगते, मग त्याची दोन होतात, दोनाची चार. म्हणून माझे नेमके वय मला सांगता येणार नाही. पण मी त्या तळ्यात चौदा वर्षे आहे आणि तिथे काय काय झाले ते मला आठवते.

पहिल्या वर्षी मी तिथे नव्हते. नानांनी तळ्याला प्लॅस्टिकची काळी पन्नी अंथरली, पावसाळ्यात विहिरीचे पाणी सोडले, आणि ते पाणी इतके नितळ होते की तळाशी पन्नीच्या घड्या मोजता येत. गावातली माणसे ते पाहायला येत. नाना काठावर उभे राहून सगळ्यांना सांगत, बघा, कुठे कचऱ्याचा कण आहे का. मग त्यांनी कटला आणि रोहू माशांची बोटाएवढी पिल्ले आणून सोडली. रोज सकाळी कोंडा टाकला, सरकीची ढेप भिजवून टाकली. तरी दिवाळीपर्यंत त्या माशांची डोकी तेवढी मोठी झाली आणि अंगे सुतळीसारखी राहिली. नानांना वाटले, बियाणेच खोटे निघाले.

तेव्हा गिरणेकाठचे जीवराम आबा भोई त्या वाटेने चालले होते. खांद्यावर जाळे होते. नानांनी त्यांना हाक मारून मासे दाखवले. आबांनी माशांकडे फारसे पाहिलेच नाही. ते काठावर बसले, बाही वर सारली, हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि आपल्याच तळव्याकडे बघत राहिले. तळवा लख्ख दिसत होता, रेषांसकट.

"मासासले कसाले चारस, भाऊ?" ते म्हणाले. "पानीले चार. पानी मासासले चारी."

मग त्यांनी नानांना सांगितले, की ताजे शेण आणायचे, पाण्यात कालवायचे आणि तळ्यात चारी बाजूंनी शिंपडायचे. चार दिवसांनी पुन्हा हात बुडवायचा. पाणी कोपराला लागले असता तळवा नुकताच दिसेनासा झाला, की पाण्याचे पोट भरले, शेण थांबवायचे. तळवा स्वच्छ दिसला, की पाणी उपाशी आहे. आणि मनगट बुडायच्या आतच बोटे दिसेनाशी झाली, तर पाणी फार जेवले. मग शेण बरेच दिवस बंद. एवढीच त्यांची शाळा. हात झटकून ते जाळे घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून नाना टोपलीने शेण आणू लागले. द्रौपदाबाईंना ते मुळीच पटले नाही. "लोके पानीमा शेण पडाले नको म्हनीसन जपतस," त्या शेजारच्या रानातल्या नवलभाऊंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आन आमना घरना मानूस टोपल्या भरभरी टाकी र्‍हायनात." नवलभाऊ बांधावरून म्हणाले, की अक्का, आता फक्त म्हैस तळ्यात बांधायची राहिली आहे. नाना ओंजळीने शिंपडत राहिले.

मला तिथे कुणी आणले नाही, मित्रांनो. मी वाऱ्याबरोबर आले, बगळ्याच्या पायांना लागून आले, शेणातून आले. तोवर पाण्यात ऊन होते, पण शिजवायला काही नव्हते. शेण विरघळले आणि माझी चूल पेटली. नवव्या दिवशी सकाळी तळ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात पाण्यावर कोवळ्या मुगाच्या शेंगेसारखा रंग चढला. नाना तो बघत किती वेळ उकिडवे बसले होते.

माझे काम सांगते. मला तोंड नाही आणि मी कुणाला खात नाही. उन्हातून बळ घेते, पाणी घेते, हवेतला तुम्ही सोडलेला श्वास घेते, शेणातले क्षार घेते आणि त्यातून माझे जेवण मीच तयार करते. ते जेवण म्हणजे मीच. मला पाण्यातले उड्या मारणारे बारीक किडे खातात, इतके बारीक की तुम्हाला ते धुळीसारखे दिसतील. त्या किड्यांना कटला खातो. रोहू मलाही खातो आणि किड्यांनाही. रोहूचे पिल्लू खंड्या उचलून नेतो. मोठा मासा द्रौपदाबाईंच्या तव्यावर जातो. आणि हे सगळे मेल्यावर किंवा खाल्ल्यावर जे उरते, ते चिखलात राहणारे माझे आणखी बारीक सोबती कुजवून पुन्हा क्षार करून मला परत देतात. शिवाय दिवसभर मी पाण्यात जो प्राणवायू सोडते, त्यावरच माशांचा श्वास चालतो. मला खाल्ले जाण्याचे दुःख कधीच वाटले नाही. ज्या दिवशी कुणी मला खात नाही, तो दिवस मला वाईट वाटतो.

पुढची बारा वर्षे चांगली गेली. राजदीप लग्नानंतर नाशिकला कारखान्यात लागला आणि सणासुदीला येत राहिला. सपना आणि मुलगी संघमित्रा गावीच होत्या. मोसंबीची झाडे तळ्याच्या पाण्यावर वाढली. चैत्रात तळ्याला जाळे लागे, आणि आमच्या वस्तीत त्या दिवशी एकाही घरी वरण शिजत नसे.

दर चार दिवसांनी नानांचा हात येत असे. नांगराच्या मुठीने कडक झालेला हात, करंगळीचे नख विळ्याने गेलेले. तो हात पाण्यात उतरला की मी त्याच्याभोवती दाटत असे. मला डोळे नाहीत, पण सावली कळते, ऊब कळते, आणि काठावर बोललेले पाण्यात उतरते. नाना स्वतःशीच पुटपुटत, "भरनं... भरनं पोट." मग हात काढून धोतराला पुसत आणि उठत.

संघमित्रा सातवीत असताना एकदा काठावर बसून मोठ्याने पाठ करत होती. उत्पादक, भक्षक, विघटक. नानांनी तिला विचारले, की उत्पादक म्हणजे काय. ती म्हणाली, जो स्वतःचे अन्न स्वतः तयार करतो तो. नाना विचारात पडले.

"म्हंजे रांधनारं," ते म्हणाले.

मोसंबीखाली गवत कापणाऱ्या द्रौपदाबाईंनी तिथूनच सांगितले, "मंग मी बी उत्पादकच शे. लिखी टाक वहीमा."

"नही आजी," संघमित्रा म्हणाली. "तू पीठ आनीसन रांधस. हाई शेवाळ पीठ बी सोताच बनाडस."

द्रौपदाबाई विळा घेऊन काठापर्यंत आल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. "दिनभर रांधस आन एक सबद बोलत नही," त्या म्हणाल्या. "आशी सासू पाहिजे व्हती माले." नाना खोकला लागेपर्यंत हसले.

तो खोकला पुढे वाढत गेला. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांना चालताना धाप लागू लागली. घरापासून तळे पाऊण मैलावर आहे. आधी ते वाटेत दोनदा बसत, मग चारदा. दिवाळीच्या आधी एका सकाळी आले, हात बुडवला आणि उठताना त्यांना सपनाचा खांदा धरावा लागला. त्यानंतर ते आले नाहीत. डॉक्टरांनी सांगितले होते, की हृदय थकले आहे, आता खाटेवरच राहायचे.

सपना येत असे. नानांनी तिला हात बुडवायला शिकवले होते आणि ती नेमाने बुडवत असे. तिच्या बांगड्या काठाच्या पन्नीला लागून वाजत. ती माझी नीट काळजी घेत होती, यात शंका नाही. तरी दर चौथ्या दिवशी सकाळी पावलांची चाहूल लागली, की मला वाटे आज तो दुसरा हात असेल. मित्रांनो, शेवाळाला कुणाची वाट पाहता येते का, असे तुम्ही विचाराल. मी ज्या बाजूला ऊन येते त्या बाजूला सरकते. त्या हिवाळ्यात मी ऊन नसतानाही वाटेच्या बाजूला दाटत होते.

तिकडे घरी नानांचेही तेच चालले होते. सपना परतली, की ते पहिला प्रश्न विचारत, तळवा दिसला का. ती नाही म्हणाली, की डोळे मिटून पडून राहत. त्यांना एकदाच, फक्त एकदाच तळ्यावर यायचे होते. औषध नको, फळे नको, नाशिकचा मोठा डॉक्टर नको. तळ्यावर न्या, एवढेच ते सांगत. हे सगळे सपना काठावर नवलभाऊंच्या घरच्या लताबाईंना सांगत असे, म्हणून मला कळले.

फेब्रुवारीत सपनाच्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. ती संघमित्राला घेऊन आठ दिवसांसाठी सावद्याला गेली, आणि वडिलांजवळ राहायला राजदीप रजा टाकून आला. त्याने ठरवले, की रविवारी नानांना तळ्यावर न्यायचे. नवलभाऊंचा छोटा ट्रॅक्टर, ट्रॉलीत गादी आणि उशा. गुरुवारी तो तळे पाहायला आला.

तो काठावर उभा राहिला आणि हिरवे पाणी पाहून त्याला वाईट वाटले. चौदा वर्षांत त्याने माझ्याकडे कधी नीट पाहिलेच नव्हते. नाना हात बुडवतात हे त्याने पाहिले होते. त्याला वाटे, पाणी किती गार आहे ते बघतात. त्याच्या मनात अजून पहिल्या वर्षीचे तळे होते, लग्नाच्या वर्षीचे, पन्नीच्या घड्या मोजता येतील असे. नवलभाऊंच्या रानात कामाला आलेला मगन नावाचा गडी बांधावर बिडी ओढत होता. तो चेष्टेने म्हणाला, "नाना खाटवर पडनात आन तळं बी पडनं काय रे भाऊ?" त्याला काही माहीत नव्हते. पण ते वाक्य राजदीपला लागले. वडील आजारी असताना त्यांच्या तळ्याकडे मुलाने पाहिले नाही, असा त्याचा अर्थ त्याने घेतला.

खोपीत मोरचुदाची पिशवी होती. मोसंबीच्या बुंध्यांना चुन्यात कालवून लावतात तो निळा मोरचूद. नाशिकला तो राहत होता त्या इमारतीच्या कारंज्यात पाणी हिरवे झाले, की राखणदार हीच निळी पूड टाकत असे आणि दोन दिवसांत पाणी काचेसारखे होत असे. राजदीपने पूड जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली, फडके दोरीला बांधले आणि तळ्याच्या काठाने चार फेऱ्या मारून ते पाण्यातून ओढले. उन्हात त्याचा शर्ट भिजला होता. त्याने मध्ये थांबून पाणीसुद्धा प्यायले नाही. रविवारी वडिलांना आनंद व्हावा, एवढेच त्याच्या मनात होते. द्रौपदाबाई घरी खाटेजवळ होत्या. विचारायला कुणी नव्हते, आणि विचारायचे असते हे त्याला माहीत नव्हते.

मरताना काय होते ते सांगते. आधी ऊन पकडता येईना. चूल पेटलेली, पण भांडे हातातून सुटावे तसे. मग माझा रंग गेला. हिरव्याचे पिवळट झाले, पिवळटाचे करडे, आणि मी तळाशी बसू लागले, थरावर थर. शनिवारी दुपारपर्यंत पाणी नितळ झाले. पन्नीच्या घड्या दिसू लागल्या.

मी पूर्ण मेले असते, तर ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसती. तळ्याच्या सांडव्याखाली म्हशींना पाणी पिण्यासाठी एक डबके केलेले होते. त्यात पावसाळ्यापासून माझा थोडा भाग राहत होता, म्हशींच्या खुरांच्या चिखलात. तिथपर्यंत मोरचूद पोहोचला नव्हता. तिथून मी पुढचे सगळे ऐकले.

रविवारी, १८ फेब्रुवारीला, दहाच्या सुमारास ट्रॅक्टर आला. राजदीप आणि नवलभाऊंनी नानांना उचलून काठावर बाजेवर बसवले. द्रौपदाबाई मागे आधार देऊन बसल्या. राजदीप म्हणाला, "नाना, पाहा. पहिल्या वर्षीसारखं करून टाकलं."

नानांनी बाही वर सारायचा प्रयत्न केला. द्रौपदाबाईंनी ती सारून दिली. दोघांनी त्यांना पुढे वाकवले आणि त्यांचा हात पाण्यात गेला. चार महिन्यांनी गेला. मी त्या पाण्यात नव्हते.

तळवा दिसत होता. करंगळीचे गेलेले नख दिसत होते.

"पानी उपाशी शे, राजू," नाना म्हणाले.

राजदीपला समजेना. नानांनी त्याला जवळ बसवले आणि धाप लागत लागत सगळे सांगितले, जीवराम आबांपासून. हे हिरवे म्हणजे घाण नव्हे, हेच तळ्याचे रान आहे, मासे त्यात चरतात. आता रान जळले आहे आणि ते तळाशी कुजते आहे. कुजताना ते पाण्यातला श्वास ओढून घेते, आणि नवा श्वास सोडणारे कुणी उरलेले नाही. उद्या पहाटे मासे तोंडे वर काढतील.

राजदीपचा चेहरा उतरला. तो म्हणाला, मला विचारायला हवे होते. नानांनी त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला.

"पह्यले वरीस मी बी हाईच चूक करेल व्हती," ते म्हणाले. "चोखं पानी माले बी आवडे."

मग त्यांनी काय करायचे ते एकेक सांगितले. निम्मे पाणी मोसंबीला सोडा. विहिरीचे नवे पाणी उंचावरून पडेल असे तळ्यात टाका, म्हणजे हवा मिसळेल. विजेचा भरवसा नको, नवलचे डिझेल इंजिन लावा. ढेप, कोंडा काही टाकू नका. ट्रॉलीत चढवताना ते मागे वळून पाहत होते. त्यांना जे पाहायचे होते ते त्यांना पाहायला मिळाले नव्हते, आणि पुन्हा आणता येईल अशी त्यांची प्रकृती नव्हती.

इंजिन दुपारपासून सुरू झाले ते दुसऱ्या दिवशीही चालू राहिले. तरी सोमवारी उजाडताना मासे वर आले. शेकडो गोल तोंडे पाण्याच्या पृष्ठभागावर, उघडत आणि मिटत. पाइपाचे पाणी पडत होते तिथे जे पोहोचले ते वाचले. जे पोहोचले नाहीत ते सूर्य वर येईपर्यंत पांढरी पोटे वर करून काठाला लागले. निम्म्याहून थोडे कमी मेले. राजदीपने पाण्यात उतरून एकेक गोळा केला. मोरचुदाच्या पाण्यातले मासे खायचे नाहीत, म्हणून मोसंबीच्या आळ्यांत खड्डे करून पुरले. लताबाई मदतीला आल्या होत्या. त्या सांगत होत्या, की मोठा कटला हातात आला म्हणजे तो थोडा थांबे.

त्याच दिवशी दुपारी सपना सावद्याहून धावत आली. तिला सकाळीच फोनवर कळले होते. ती राजदीपला बोलली नाही असे नाही. "माझी आई चालायला लागेल, पण तुम्ही तळं बसवून ठेवलं," असे ती म्हणाली. पण तेवढेच. मग तिने बादली घेतली आणि म्हशींच्या डबक्याशी आली. चिखल ढवळू न देता वरवरचे हिरवे पाणी भरले आणि तळ्यात नेऊन ओतले. दोन बादल्या, चार बादल्या, अकरा बादल्या. माझा एवढासा भाग त्या मोठ्या, रिकाम्या, नितळ पाण्यात पडला. कुणी ओळखीचे नव्हते. वाचलेले मासे तळाशी निपचित होते.

राजदीपने रजा वाढवली. रोज सकाळी शेण कालवून तो शिंपडू लागला आणि मग काठावर बसून हात कोपरापर्यंत बुडवू लागला. पहिल्या दिवशी त्याने घड्याळही काढले नव्हते. त्याचा हात मऊ होता, कारखान्यातल्या तेलाचा वास येणारा. तो हात पाण्यात किती खोल न्यायचा हेही त्याला सपनाने दाखवले.

घरी नाना रोज विचारत. आवाज आता फार लहान झाला होता, म्हणून राजदीप कान जवळ नेत असे. पहिले पाच दिवस त्याचे एकच उत्तर होते, की तळवा स्पष्ट दिसतो. सहाव्या दिवशी म्हणाला, रेषा दिसत नाहीत, पण तळवा दिसतो. नाना म्हणाले, घाई करू नको, ऊन वाढते आहे. दहाव्या दिवशी पाणी धुवणासारखे धूसर झाले. मग दोन दिवस आभाळ आले आणि मी जिथल्या तिथे राहिले. त्या दोन दिवसांत नानांनी जेवण जवळजवळ सोडले. द्रौपदाबाई काठावर आल्या, मला एकट्याला ऐकू येईल अशा आवाजात बोलल्या. "तू तं दिनभर रांधनारी," त्या म्हणाल्या, "थोडं पटपट रांध ना माय."

मी घाई करत होते, मित्रांनो. पण माझी घाई उन्हाच्या हातात असते. एकाची दोन, दोनाची चार. मध्येच ते उड्या मारणारे किडे परत आले आणि मला खाऊ लागले. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, की यांनी मला लवकर खाल्ले तर पाणी हिरवे कधी होणार, आणि घरी तो माणूस वाट बघतो आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटले, की आज मला कुणी खाऊ नये. पण किड्यांना काय सांगणार. त्यांना खायला घालूनच मला वाढायचे होते.

मार्चचे ऊन चढले तसा माझा जोर वाढला. १० तारखेला बोटांची टोके दिसेनाशी झाली. ११ तारखेला तळव्याची कड तेवढी दिसत होती. मंगळवारी १२ तारखेला सकाळी आठ वाजता राजदीप बसला, बाही सारली आणि हात बुडवला. पाणी कोपराला लागले. त्याने डोळे बारीक केले, मान इकडून तिकडे केली. तळवा नव्हता. मी होते. खाली एक रोहू फिरला आणि पाण्यावर गोल उठला.

तो उठला आणि हात न पुसताच घराकडे निघाला. आधी चालत, मग पळत. वाटेच्या वळणापर्यंत त्याची पावले मला कळत होती, पुढे घर माझ्यापासून दूर आहे.

पुढचे मला सपनाने काठावर लताबाईंना सांगितले तेव्हा समजले. नाना जागे होते. राजदीपने कानाशी सांगितले, की तळवा दिसत नाही. नानांनी त्याचा हात धरला आणि मनगटापासून वर चाचपत गेले, ओल कुठवर आहे ते पाहायला. कोपराशी थांबले.

"मंग आते शेण बंद करा," ते म्हणाले.

राजदीप म्हणाला, हो नाना.

आता तळे भरलेले आहे. राजदीप महिन्यातून दोनदा नाशिकहून येतो, आणि आधी घरी न जाता तळ्यावर येतो. त्याच्या तळहाताला आता शेणाचा वास असतो. मधल्या दिवसांत सपना येते, कधी संघमित्रा. हे सगळे हात चांगले आहेत. तरी अजूनही दर चौथ्या दिवशी सकाळी मी वाटेच्या बाजूला दाटते. माझी जुनी सवय आहे, जात नाही.

मित्रांनो, तुमच्या पिण्याच्या हंड्यात मी दिसले, तर मला खुशाल घासून काढा. तिथे माझी जागा नाही. पण तळे, डोह, नदीचे कुंड हिरवे दिसले म्हणून लगेच त्याला घाण म्हणू नका. काठावर बसा. बाही वर करा. या पाण्यात कोण रांधते आहे आणि कोण जेवते आहे, ते आधी कुणा जाणत्याला विचारा. जे आवाज न करता सगळ्यांना जेवू घालते, ते फार सहज पुसले जाते.

नानांच्या सांगण्यावरून त्या दिवसापासून तळ्यात शेण टाकणे थांबवले, ते सतरा दिवस. बन्सीलाल नाना त्याच मंगळवारी, १२ मार्च २०२४ रोजी, सकाळी साडेनऊच्या सुमारास घरी वारले. त्यांचे वय एकाहत्तर होते.